आकार तोच, बेअरिंग वेगळे: जुन्या ग्लायडरच्या एका बिजागरीचे प्रकरण

पार्श्वभूमी

ग्लायडर (इंजिनाशिवाय उडणारे विमान) एकआसनी, १५ मीटर पंखविस्ताराचे, फायबरग्लासचे, १९७०च्या दशकाच्या मध्याला बांधलेले. मालक तिघे. थोरले भागीदार वीस वर्षे हेच ग्लायडर उडवत आलेले. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणतो. धाकटा भागीदार दोन वर्षांपूर्वी आलेला. तिसरे भागीदार या प्रकरणात फारसे येत नाहीत. मी वार्षिक तपासणी आणि दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ. ओळख पटू नये म्हणून मॉडेल, बांधणारी कंपनी आणि जागा इथे दिलेली नाही.

एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा, वर-खाली हलून विमान डावी-उजवीकडे कलवणारा भाग. या ग्लायडरच्या प्रत्येक एलेरॉनला तीन बिजागऱ्या आहेत: खोडाकडची (विमानाच्या धडाजवळची), मधली आणि टोकाकडची. एलेरॉनच्या रिबमध्ये (आतल्या आधारपट्टीत) ॲल्युमिनियमचे छोटे हाउसिंग चिकटवलेले, त्यात बेअरिंग, आणि पंखाकडून आलेल्या ब्रॅकेटच्या दोन कानांतून व बेअरिंगच्या आतल्या रिंगमधून जाणारा ८ मिलिमीटरचा बोल्ट. साधी रचना आहे, आणि नीट सांभाळली तर दीर्घकाळ टिकते.

पण या बेअरिंगचे आयुष्य पंख्याच्या किंवा मोटरच्या बेअरिंगसारखे नसते. ते कधी पूर्ण फिरतच नाही. वीस-पंचवीस अंश वर, त्याहून कमी खाली, पुन्हा मध्यावर, एवढीच त्याची हालचाल. गोळ्या वर्षानुवर्षे त्याच चार-दोन जागांवर घासत राहतात. फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये ग्रीस सतत नव्याने पसरते. इथे ते बाजूला ढकलले जाते आणि तिथेच राहते. कालांतराने त्यातले तेल निघून जाते आणि उरतो मेणासारखा थर. ग्लायडर सुटे करून ज्या ट्रेलरमध्ये ठेवतात आणि नेतात, त्याची यात भर. रस्त्यावरून ओढताना एलेरॉन बारीक बारीक थरथरते आणि ग्रीस नसलेल्या जागी गोळ्या रिंगमध्ये खळगे पाडतात. ट्रेलरच्या आत रात्री साचलेला दमटपणा उरलेले काम करतो. जुन्या ग्लायडरची बेअरिंगे हवेत जेवढी झिजतात, त्याहून जास्त जमिनीवर झिजतात असे माझे मत आहे.

अडचण कशी समोर आली

वार्षिक तपासणीत मी आधी नेहमीचे मोजमाप घेतले. कॉकपिटमध्ये स्टिक (एलेरॉन हलवणारा दांडा) मध्यावर पक्की धरायची आणि एलेरॉनच्या मागच्या कडेला किती प्ले, म्हणजे ढिली हालचाल, आहे ते पाहायचे. देखभाल पुस्तिकेत मर्यादा २ मिमी. डावीकडे १.५, उजवीकडे १.३. दोन्ही मर्यादेत. कागदावर हे ग्लायडर पास होते.

मग मी दोन्ही तळवे बिजागरीच्या अगदी जवळ ठेवून एलेरॉन सरळ वर-खाली उचलून पाहिले; फिरवून नाही, उचलून. डाव्या टोकाकडच्या बिजागरीत बारीक ‘टक्’ असे वाजले. धाकट्याला बोलावले आणि त्याचा अंगठा पंख व एलेरॉन यांच्या फटीवर आडवा ठेवायला सांगितले. मी उचलले, आणि अंगठ्याखाली एक कड दुसरीहून सरकली ते त्याला कळले.

तो म्हणाला, “सर, हा आवाज मी मागच्या महिन्यात ऐकला होता. काकांना सांगितलं होतं.”

काका तिथेच होते. “हो, सांगितलं होतं. मी म्हटलं, हे पहिल्यापासून असंच आहे. मला खरंच तसं वाटत होतं.”

वीस वर्षे एकाच ग्लायडरवर हात असला की झीज जाणवत नाही, कारण ती एका दिवसात होत नाही. हात तिच्यासोबत सरावतो. त्या महिन्यात ग्लायडरने चार उड्डाणे केली होती. आवाज कुठेच लिहून ठेवलेला नव्हता.

यात एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. मागच्या कडेला मोजलेला प्ले मुख्यतः चालना देणाऱ्या साखळीचा असतो: पुशरॉड, रॉड-एंड, बेलक्रँक. बिजागरीचे बेअरिंग ढिले झाले तर एलेरॉन फिरत नाही, आख्खे जागचे सरकते. म्हणजे पुस्तिकेतले मोजमाप प्रामाणिकपणे घेऊनही ही झीज निसटू शकते, कारण ते मोजमाप वेगळ्याच गोष्टीचे आहे.

बारीक हालचाल मोजणारे डायल गेज लावले. डावी टोकाकडची: ०.४ मिमी. बाकीच्या पाचही ०.०५ च्या आत. नव्या छोट्या बॉल बेअरिंगमधला प्ले मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो, हे पाहिले की ०.४ म्हणजे काय ते कळते. हा प्ले तीन ठिकाणांहून येऊ शकतो: बोल्ट आणि आतली रिंग यांच्यात, बेअरिंगच्या आत, किंवा बाहेरची रिंग आणि हाउसिंग यांच्यात. गेजचे टोक एकेका भागावर टेकवून पाहिले. बहुतेक प्ले बेअरिंगच्या आत होता, थोडा बोल्टवर. हाउसिंग घट्ट होते. तो दिलासा होता, कारण चिकटवलेले हाउसिंग ढिले झाले असते तर काम बेअरिंग बदलण्यापुरते राहिले नसते.

पहिला निर्णय: उडवायचे की थांबवायचे

पुढचे दोन आठवडे हवामान चांगले राहणार होते. तिसऱ्या भागीदारांनी फोनवर विचारले, वेग कमी ठेवून, ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे न जाता उडवले तर?

प्रश्न गैर नव्हता, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे होते. एलेरॉनच्या ढिलाईची खरी भीती फ्लटरची. पंख वाकतो, पिळवटतो. एलेरॉन त्याच्या मागे-पुढे हलते. हवा त्या हालचालीत ऊर्जा भरत जाते. ठरावीक वेगाखाली ही हालचाल आपोआप विरते, त्या वेगापुढे ती वाढत जाते, आणि इतक्या झटपट की वैमानिकाला काही करायला वेळ मिळेलच असे नाही. कमाल वेगाची मर्यादा ठरवताना बिजागऱ्या घट्ट आहेत आणि एलेरॉनचे वजन व तोल ठरल्याप्रमाणे आहेत हे गृहीत धरलेले असते. बिजागरी ढिली झाली की तो सुरक्षित वेग खाली येतो. किती खाली येतो हे ना मला सांगता येत होते, ना त्यांना. दीडशे हा आकडा कुठल्याही गणितातून आलेला नव्हता. तो आश्वासक वाटत होता, इतकेच.

ग्लायडर थांबवले. काकांनी स्वतः लॉगबुकात दोषाची नोंद केली आणि कॉकपिटमध्ये लाल फीत बांधली. हा निर्णय पाच मिनिटांत झाला आणि याबद्दल मला आजही शंका नाही.

दुसरा निर्णय: कुठले बेअरिंग

इथे आम्ही चुकण्याच्या अगदी जवळ गेलो होतो.

डावे एलेरॉन उतरवले. टोकाकडचे बेअरिंग बाहेर काढून पत्र्याचे झाकण उचकटले. आत ग्रीस नव्हते. तपकिरी भुकटी होती आणि गोळ्यांच्या वाटेवर एका बाजूला ओळीने खळगे. भिंगाखाली रिंगवरचा क्रमांक स्पष्ट होता: ६०८-२झेड. आतला व्यास ८, बाहेरचा २२, रुंदी ७ मिमी, दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे. जगातल्या सर्वांत सहज मिळणाऱ्या बेअरिंगांपैकी हे एक. स्केटबोर्डच्या चाकातही हेच असते.

धाकट्याने त्याच संध्याकाळी चांगल्या कंपनीची रबर सीलची ६०८ मागवली. दोन दिवसांत ती हातात होती. खोक्यावर सील, आत तेलकट कागद, अस्सल माल. काका म्हणाले, “झालं की मग. उद्या बसवून टाकू.”

मी थांबवले, पण तेव्हा माझ्याकडे ठोस कारण नव्हते. फक्त सवय होती: जुन्या भागावरचा क्रमांक हा ‘काय बसवले होते’ याचा पुरावा असतो, ‘काय बसवायला हवे’ याचा नाही. ड्रॉइंग किंवा पार्ट्स लिस्ट हाती येईपर्यंत तुलना म्हणून उजवी बाजू पाहू, असे म्हणून उजवे एलेरॉनही उतरवले आणि त्याचे टोकाकडचे बेअरिंग काढले.

त्याला झाकणेच नव्हती. आत गोळ्यांच्या दोन ओळी. आतली रिंग बोटाने दाबली तर गोळ्यांसकट तिरकी झाली, सोडली तर परत सरळ करता आली. बाहेरच्या रिंगची आतली बाजू गोलाच्या पृष्ठासारखी. क्रमांक १०८. म्हणजे सेल्फ-अलाइनिंग बॉल बेअरिंग. व्हर्नियर लावला: ८, २२, ७.

दोन्ही बेअरिंगे बाकावर शेजारी ठेवली आणि आम्ही तिघे बराच वेळ नुसते पाहत राहिलो. बाहेरून एकाच मापाची. एकाच्या जागी दुसरे न ठोकता, न घासता, बिनबोभाट बसते. आणि काम मात्र पूर्ण वेगळे.

पंख उड्डाणात वर वाकतो. त्याच्यासोबत बिजागरीच्या ब्रॅकेटचा कल बदलतो, एलेरॉन मात्र स्वतःच्या ताठरपणाने थोडे वेगळे वाकते. त्यामुळे टोकाकडच्या आणि खोडाकडच्या बिजागरीत बोल्ट आणि हाउसिंग एका रेषेत राहत नाहीत. साधे ६०८ काही मिनिटांचाच तिरकेपणा सहन करते, आणि एका अंशात साठ मिनिटे असतात. १०८ दोन-तीन अंश तिरके झाले तरी मोकळे फिरते. म्हणून मूळ रचनेत बाहेरच्या दोन बिजागऱ्यांत १०८ आणि फक्त मध्ये ६०८, कारण मधल्या बेअरिंगचे काम एलेरॉनला पंखाच्या लांबीच्या दिशेने जागेवर धरून ठेवणे. या टाइपची, म्हणजे या मॉडेलची, तांत्रिक जबाबदारी सांभाळणाऱ्या कंपनीकडून आठवडाभराने पार्ट्स लिस्टचे पान आले. त्यात हेच होते.

मग जुन्या लॉगबुकात शोधले. अकरा वर्षांपूर्वीची एक ओळ सापडली: “डावे एलेरॉन, बिजागरीचे बेअरिंग बदलले.” क्रमांक नाही, सर्टिफिकेट नाही. ज्याने बदलले त्याचा विचार मला समजू शकतो. १०८ उघडे असते, ट्रेलरच्या दमटपणात गंजते. माप तेच असलेले, झाकणाचे ६०८ जास्त टिकेल असे त्याला वाटले असणार. हेतू चांगला होता. पण प्रत्येक उड्डाणात पंख वाकला की त्या बेअरिंगवर असा ताण येत होता, जो घेण्यासाठी ते घडवलेलेच नव्हते. त्याचीच ती झीज. आणि आम्ही उत्तम दर्जाचे नवे ६०८ बसवले असते, तर काही वर्षे सगळे छान वाटून पुन्हा हेच झाले असते.

बोल्टवरचा छोटा प्लेही इथेच उलगडला. बोल्टच्या दांड्यावर मधोमध घासून चकचकीत झालेला एक पट्टा होता. बेअरिंग आखडले की हालचालीला दुसरी वाट हवी असते; मग आतली रिंग बोल्टवर फिरू लागते. वास्तविक आतली रिंग स्पेसर आणि नटच्या दाबाने घट्ट आवळलेली हवी, म्हणजे हालचाल गोळ्यांवरच होते.

तिसरा निर्णय: १०८ आणायचे कुठून

६०८ जितके सहज मिळते, तितके १०८ मिळत नाही. पाच वाटा समोर होत्या.

टाइप-जबाबदार कंपनीकडून अधिकृत सर्टिफिकेटसह घेणे ही सर्वांत सरळ वाट. जुन्या ग्लायडरांच्या बाबतीत अशी कंपनी मूळ कंपनी असेलच असे नाही. ग्लासफ्लुगेल १९८२ मध्ये बंद पडली, तरी तिची ग्लायडरे आजही उडतात, कारण त्यांची तांत्रिक जबाबदारी दुसऱ्यांनी घेतली. आमच्या कंपनीने उत्तर दिले, पण माल शिल्लक नव्हता. पुढची खेप चौदा आठवड्यांनी.

दुसरी वाट, औद्योगिक बेअरिंग विक्रेत्याकडून तेच १०८ घेणे. इथे नियमाचा बारकावा आहे. युरोपमध्ये लहान विमानांना ईएएसए फॉर्म १ (युरोपच्या विमान-सुरक्षा संस्थेचे, भागासोबत येणारे प्रमाणपत्र) शिवाय, मालकाच्या जबाबदारीवर काही भाग बसवण्याची सवलत दिली गेली, तेव्हा प्राथमिक संरचनेचे आणि उड्डाण-नियंत्रणाचे भाग तिच्यातून वगळले होते. एलेरॉनची बिजागरी म्हणजे उड्डाण-नियंत्रणच. त्यामुळे ‘मी मालक, मी सही करतो’ हा मार्ग नव्हता. पण ‘स्टँडर्ड पार्ट’ ही वेगळी गोष्ट आहे: प्रसिद्ध मानकाप्रमाणे बनलेला, ड्रॉइंगमध्ये त्याच मानकाने किंवा कॅटलॉग क्रमांकाने सांगितलेला, आणि मानकाशी जुळत असल्याचे लेखी निवेदन सोबत असलेला भाग. आमच्या पार्ट्स लिस्टमध्ये कॅटलॉग क्रमांकच होता. तरी मी टाइप कंपनीला थेट विचारले: हे तुम्ही स्टँडर्ड पार्ट मानता का? त्यांनी लेखी ‘हो’ म्हटले, आणि ग्रीस कुठले व पिंजरा (गोळ्यांना अंतरावर धरणारी चौकट) कुठल्या प्रकारचा चालेल तेही सांगितले. या एका पत्राने वाट मोकळी झाली.

तिसरी वाट, ऑनलाइन विक्रेता. दुसऱ्या दिवशी घरपोच देणार, पण सुटे, खोक्याशिवाय, उत्पादकाचा मागोवा नाही. बनावट बेअरिंगांचा धंदा मोठा आहे आणि रिंगवर नामांकित कंपनीचे अक्षर कोरणे अवघड नाही. ही वाट आम्ही सोडली.

चौथी, एका क्लबच्या कपाटात पडलेले जुने पण न वापरलेले १०८. खोके मूळचे, बेअरिंगही खरे. पण संरक्षक तेलाचा डिंक झालेला, आणि धुतल्यावर एका गोळीवर गंजाचा ठिपका दिसला. परत दिले.

पाचवी, रचनाच बदलणे: उघड्या बॉल बेअरिंगऐवजी गोलाकार प्लेन बेअरिंग घालणे. दमटपणात ते चांगले टिकते आणि तांत्रिकदृष्ट्या मला ही वाट आवडली होती. पण ८ मिमी बोअरच्या नेहमीच्या गोलाकार बेअरिंगचा बाहेरचा व्यास १६ मिमी. म्हणजे हाउसिंगमध्ये बुश, नवी रुंदी, नवे स्पेसर. हा बदल मंजूर करून घ्यावा लागला असता. एका ग्लायडरसाठी तेवढा खटाटोप करणे योग्य वाटले नाही. 

दुसरी वाट घेतली. औद्योगिक विक्रेत्याकडून निवेदनासह चार बेअरिंगे बारा दिवसांत आली.

किती बदलायची

चार का? खराब तर एकच होते.

डाव्या टोकाकडचे बदलायचेच होते. डाव्या खोडाकडचे १०८ तसे बरे वाटत होते, पण अकरा वर्षे शेजारची बिजागरी आखडलेली असताना त्यानेही वेगळा भार घेतला होता, म्हणून बदलले. उजव्या टोकाकडचे मात्र मी स्वतः खराब केले होते. हाउसिंगमधून बेअरिंग काढताना दाब आतल्या रिंगवर द्यावा लागला, म्हणजे तो सगळा गोळ्यांमधून गेला. असे काढलेले बेअरिंग पुन्हा बसवत नाहीत. डोळ्यांना न दिसणारे खळगे पडलेले असू शकतात. चौथे जास्तीचे. उजव्या खोडाकडच्या बेअरिंगला आणि मधल्या दोन्ही ६०८ ना हात लावला नाही. गेज घट्ट सांगत होते, आणि हाउसिंगच्या कडेला पंचने ठोकून बेअरिंग अडवलेले असते. ती कड पुन्हा पुन्हा ठोकता येत नाही.

काम

हाउसिंग फायबरग्लासच्या रिबमध्ये इपॉक्सीने चिकटवलेले. या पिढीच्या फायबरग्लास ग्लायडरची रचना साधारण ५४ अंश सेल्सिअसपर्यंत तपासलेली असते. ती पांढरी रंगवण्याचे कारणच हे की उन्हात पृष्ठभाग त्यावर जाऊ नये. तेव्हा ॲल्युमिनियम तापवून बेअरिंग सोडवण्याची वर्कशॉपची नेहमीची युक्ती इथे बाद. हीट गन मी त्या खोलीतूनच बाहेर नेऊन ठेवली.

काढण्यासाठी छोटा पुलर बनवला: एम८ बोल्ट, एका बाजूला २० मिमीची बुश, दुसऱ्या बाजूला हाउसिंगच्या काठावर टेकणारी जाड नळी. नळी हाउसिंगलाच टेकल्यामुळे रिबच्या जोडावर ताण येत नाही. पाना पाव-पाव फेरा फिरवत गेलो. हातोडा नाही.

हाउसिंगच्या आत जुन्या दुरुस्तीतल्या लॉकिंग द्रवाचा पिवळसर थर होता. तो लाकडी काडीने खरवडून काढला, कारण धातूच्या टोकाने ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो. भोकाचे माप तीन दिशांनी घेतले; गोल होते.

नवी बेअरिंगे ग्रीस भरून, हवाबंद पिशवीत, रात्रभर फ्रीजरमध्ये. हिशोब सोपा आहे: २२ मिमीचे पोलाद ४० अंशांनी थंड झाले तर साधारण शतांश मिलिमीटर आकसते. एवढेसे वाटते, पण बसवताना हाताला फरक कळतो. पिशवी हवी, कारण थंड धातू उघड्या हवेत आणताच त्यावर दव धरते, आणि ज्या गंजाशी झगडा आहे तोच आपण आत घालून ठेवतो. ग्रीसच्या बाबतीत, वेगाने फिरणारे बेअरिंग पूर्ण भरत नाहीत, ते तापते. इथे वेगच नाही, म्हणून काठोकाठ भरले. ग्रीस स्वतःच सीलचे काम करते. जुने ग्रीस पूर्ण धुऊन काढले होते, कारण दोन वेगळ्या साबणांची (ग्रीस घट्ट करणाऱ्या घटकांची) ग्रीसे मिसळली तर कधी कधी पातळ होऊन वाहून जातात.

बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर, २१.५ मिमीच्या बुशने. १०८ ची आतली रिंग या वेळी तिरकी होऊ पाहते, म्हणून मधून एक पिन घालून ती सरळ धरली. कड ठोकण्याच्या जागा जुन्या ठशांच्या मधोमध घेतल्या.

बोल्ट नवे, कॅसल नट (खाचांचा नट), आणि तो सुटू नये म्हणून खाचेतून आडवी घालायची नवी कॉटर पिन. नायलॉनचा नट सहज हाताशी होता, पण जिथे बोल्ट फिरण्याची शक्यता असते तिथे तो वापरत नाहीत. आणि याच बिजागरीत बोल्ट फिरल्याचा पुरावा आमच्या डोळ्यांसमोर होता.

एलेरॉन उतरलेलेच होते, तेव्हा त्यांचे वजन आणि स्थिर मोमेंट (बिजागरीभोवती वजनाचा तोल) तपासले. मागच्या रंगकामानंतर ते मोजल्याची नोंद नव्हती. दोन्ही मर्यादेत निघाले. जोडणी झाल्यावर वर-खाली अंश मोजून मूळ तक्त्याशी ताडले. स्टिक डावीकडे, डावे एलेरॉन वर, हे मोठ्याने बोलून पाहिले. मग या कामाला हात न लावलेल्या दुसऱ्या तपासनिसाने सगळे स्वतंत्रपणे पाहिले, एकेक कॉटर पिन आरसा लावून.

शेवटी एक गोष्ट केली जी पुस्तिकेत नाही. पंख जोडलेले, दोघांनी पंखाची टोके हळूहळू वर उचलून धरली, पंख उड्डाणात वाकतो तसा थोडा वाकला, आणि काका कॉकपिटमध्ये बसून स्टिक हलवत राहिले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिक सारखीच फिरली. काका काही क्षण गप्प होते. मग म्हणाले, “वर असताना मला ही नेहमी थोडी जड लागायची. मला वाटायचं, या ग्लायडरचा स्वभावच तसा आहे.”

निष्पत्ती

ग्लायडर एकूण सहा आठवडे जमिनीवर होते. त्यातले जेमतेम तीन दिवस प्रत्यक्ष कामाचे. बाकी कागद आणि वाट पाहणे. पन्नास उड्डाण-तासांनी सहाही बिजागऱ्यांना पुन्हा गेज लावले. सगळ्या ०.०५ च्या आत. टाइप कंपनीला दोन्ही बेअरिंगांचे फोटो आणि मोजमापे पाठवली.

धाकट्याने मागवलेली रबर सीलची ६०८ आम्ही टाकली नाहीत, पण ग्लायडरच्या सुट्या भागांच्या पेटीतून ती मुद्दाम बाहेर काढली. पाच वर्षांनी कुणीतरी ती पेटी उघडेल, माप जुळलेले पाहील आणि बसवून टाकेल, हे नको होते.

वेगळे काय करता आले असते

उजवे बेअरिंग काढण्याची काहीच गरज नव्हती. एलेरॉन उतरल्यावर आतली रिंग बोटाने तिरकी करून पाहिली असती तर ती सेल्फ-अलाइनिंग आहे हे दहा सेकंदांत कळले असते, आणि टॉर्चच्या उजेडात दोन ओळीही दिसल्या असत्या. एक चांगले बेअरिंग आणि हाउसिंगची एक चांगली कड मी घाईत वाया घालवली.

त्याआधीची चूक मोठी. वार्षिक तपासणी मी चार वर्षे करत होतो आणि चारही वर्षे मागच्या कडेचा प्ले लिहीत होतो. बिजागरी उचलून पाहत होतो, पण आकडा लिहीत नव्हतो. दर वर्षी सहा आकडे लिहिले असते तर ०.१, ०.२ अशी चढण दिसली असती, आणि बेअरिंग शोधायचे काम हंगाम नसताना, निवांतपणे झाले असते. आता तपासणीच्या कागदावर सहा रकाने वाढवले आहेत, आणि टोके उचलून स्टिक हलवण्याची चाचणीही.

धाकट्याने पहिल्यांदा आवाज ऐकला तेव्हा त्याने योग्य माणसाला सांगितले. काकांनीही जे वाटले ते प्रामाणिकपणे सांगितले. तरी चार उड्डाणे झाली. दोघांशी बोलून आम्ही एवढेच ठरवले की नियंत्रणात काहीही वाजले, अडले, ढिले वाटले तर आधी दोषवहीत लिहायचे आणि मग विचारायचे. लिहिलेल्या ओळीला कुणीतरी सही करून उत्तर द्यावे लागते. बोललेल्या वाक्याला ‘असंच आहे’ एवढे उत्तर पुरते.

पाचव्या वाटेबद्दल, म्हणजे गोलाकार प्लेन बेअरिंगबद्दल, माझे मत अजून पूर्ण ठरलेले नाही. उघडे १०८ ट्रेलरमध्ये राहणाऱ्या ग्लायडरला शोभत नाही, हे अकरा वर्षांपूर्वीच्या त्या तंत्रज्ञाचे निरीक्षण बरोबर होते. एकाच टाइपची सात-आठ ग्लायडरे उडवणारे मालक एकत्र आले तर तो बदल मंजूर करून घेणे आवाक्यात येईल. तोवर आम्ही ट्रेलरमध्ये ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवतो, एलेरॉन ओढताना थरथरू नयेत म्हणून कडांना फोमच्या पाचरी लावतो, आणि दर वर्षी बिजागऱ्यांचे ग्रीस धुऊन नव्याने भरतो.

लॉगबुकातली नवी नोंद अकरा ओळींची आहे: बिजागरी कुठली, बेअरिंगचा पूर्ण क्रमांक, उत्पादक, निवेदनाचा क्रमांक, ग्रीस, बोल्टची लांबी, आधीचे आणि नंतरचे गेजचे आकडे. तिच्याखाली काकांनी लाल शाईने एक ओळ वाढवली: “६०८ इथे बसते, पण बसवू नये.”